इंटेल मॅकवरून ॲपल सिलिकॉनवर जाताय? मशीन बुक करायच्या आधी हे बघून घ्या

स्टुडिओत किंवा ऑफिसात अजून इंटेलचा २७ इंची आयमॅक नाहीतर जुना मॅक प्रो चालू आहे आणि आता बदलायची वेळ आलीये, किंवा नवीन नोकरीला लागल्या लागल्या सरांनी "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग बघ जरा" म्हणून हे काम गळ्यात मारलंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. कुठली चिप किती फास्ट याचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत, ते इथे नाहीये. धंद्याच्या मशीनवर चिप स्लो आहे म्हणून काम क्वचितच अडतं. अडतं ते एखाद्या जुन्या प्लगिनमुळे (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायची पुरवणी), डाँगलच्या (लायसन्सची यूएसबी किल्ली) ड्रायव्हरमुळे, किंवा क्लायंटने आणून दिलेल्या हार्ड डिस्कवर काही लिहिताच येत नाही म्हणून.

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय पुढची घाई का आहे ते कळणार नाही.

मॅकचा प्रोसेसर बदलायची ही तिसरी वेळ. १९९४ ला मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातल्या चिपवरून पॉवरपीसीवर, २००६ ला पॉवरपीसीवरून इंटेलवर, आणि २०२० पासून इंटेलवरून ॲपलच्या स्वतःच्या चिपवर, म्हणजे ॲपल सिलिकॉनवर (एम१, एम२ वगैरे). घोषणा जून २०२० ला झाली, एम१ वाली पहिली मशीन नोव्हेंबर २०२० ला आली, मॅक स्टुडिओ मार्च २०२२ मध्ये, आणि सगळ्यात शेवटी मॅक प्रो जून २०२३ मध्ये. म्हणजे सगळ्यात जास्त पैसे मोजणारा गिऱ्हाईक रांगेत सगळ्यात मागे, हे दरवेळचंच.

सॉफ्टवेअर कुठल्यातरी एका जातीच्या प्रोसेसरच्या सूचनांमध्ये बनवलेलं असतं. इंटेलसाठी बनवलेलं ॲप एम सिरीजच्या चिपला थेट कळत नाही, म्हणून मध्ये रोझेटा २ नावाचा दुभाषी बसवलाय, तो इंटेलच्या सूचना बदलून देतो, आणि बहुतेक काम ॲप पहिल्यांदा उघडताना आधीच उरकून ठेवतो म्हणून पहिल्या वेळी जरा जास्त वेळ लागतो आणि नंतर चालतंय की काय फरकच कळत नाही. इतकं बेमालूम चालतं की लोक विसरूनच जातात की आपलं निम्मं काम अजून दुभाष्याच्या भरवशावर आहे.

आणि तो दुभाषी कायमचा नाहीये. ॲपलने २०२५ मध्ये सांगून टाकलंय की मॅकओएस २६ म्हणजे ताहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि रोझेटा पूर्णपणे मिळणार ते मॅकओएस २७ पर्यंत, त्यानंतर फक्त काही जुन्या गेम्सपुरता. मागच्या वेळीही असंच झालं होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये चार कोरचा पॉवर मॅक जी५ भारी किमतीला विकला, ऑगस्ट २००९ मध्ये आलेल्या स्नो लेपर्ड या ओएसने पॉवरपीसी सोडून दिलं, आणि २०११ च्या लायन या ओएसमध्ये तेव्हाचा दुभाषी, जुना रोझेटाही काढून टाकला. आताचं बघा, २०१९ चा इंटेल मॅक प्रो ॲपल जून २०२३ पर्यंत विकत होतं आणि त्याची शेवटची ओएस आली २०२५ मध्ये. ज्यांनी शेवटी शेवटी घेतला त्यांना नवीन ओएस जेमतेम दोन वर्षं मिळाली. सिक्युरिटी अपडेट पुढे काही काळ येत राहतील, पण नवीन सॉफ्टवेअर ताहोच्या पुढची ओएस मागायला लागलं की झालं.

पहिली पायरी: यादी, आणि ती पण जुन्या मशीनवर बसून

ऑप्शनचं बटण दाबून धरा आणि वर डाव्या कोपऱ्यातला ॲपल मेनू उघडा, तिथे "सिस्टिम इन्फॉर्मेशन" दिसेल. त्यात डावीकडे खाली सॉफ्टवेअर, त्यात ॲप्लिकेशन्स. यादी भरायला थोडा वेळ लागतो, लागू द्या. मग "काइंड" नावाच्या कॉलमवर क्लिक करा म्हणजे सगळी इंटेलवाली ॲप एकत्र येतील आणि युनिव्हर्सलवाली वेगळी. युनिव्हर्सल म्हणजे दोन्ही जातीच्या चिपचा माल एकाच पुडक्यात, त्यांची काळजी नको. इंटेल लिहिलेल्यांची यादी कागदावर घ्या, किंवा शीटमध्ये घ्या, पण तोंडी ठेवू नका.

आता त्या यादीत प्रत्येकासमोर तीनपैकी एक लिहायचं. नवीन व्हर्जन मिळतंय (आणि फुकट की पैसे देऊन), नवीन नाहीये पण रोझेटावर चालतंय, किंवा चालतच नाही. मोठी नावं आता बहुतेक सगळी आलीत. फोटोशॉप मार्च २०२१ ला नेटिव्ह झालं (म्हणजे दुभाष्याशिवाय थेट नव्या चिपवर चालायला लागलं), प्रीमिअर प्रो त्याच वर्षी जुलैत, आफ्टर इफेक्ट्स २०२२ मध्ये, मॅकसाठीचं ऑटोकॅड तर थेट २०२४ च्या व्हर्जनला. म्हणजे काही मोठ्या कंपन्यांनाही दोन-दोन वर्षं लागली, मग जे प्लगिन एका माणसाने घरी बसून बनवलंय आणि ज्याची वेबसाइटसुद्धा बंद पडलीये त्याचं काय होणार ते तुम्हीच ठरवा.

फारच जुना मॅक असेल, मोहावे किंवा त्याच्या आधीच्या ओएसवर अडकवून ठेवलेला, तर ३२ बिट ॲप पण वेगळी काढा. ती २०१९ च्या कॅटालिनापासूनच बंद आहेत, रोझेटा त्यांना हात लावत नाही.

दुसरी पायरी: प्लगिन

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच आहे म्हणून जरा थांबून सांगतो.

प्लगिन हे स्वतंत्र ॲप नाही, ते दुसऱ्याच्या घरात राहतं. आणि नियम असा आहे की एका प्रोसेसमध्ये एकाच जातीचा कोड चालतो. म्हणजे तुमचं मुख्य सॉफ्टवेअर नेटिव्ह चालू असेल आणि आत एखादं प्लगिन फक्त इंटेलचं असेल तर ते बहुतेक ठिकाणी दिसतच नाही. एरर येत नाही, काही नाही, यादीतून नुसतं गायब. जुना प्रोजेक्ट उघडला की ट्रॅकवर इफेक्टच्या जागी रिकामा चौकोन.

लॉजिक प्रो यातून थोडी पळवाट काढतं, ऑडिओ युनिट जातीचं (ॲपलचा स्वतःचा प्लगिनचा प्रकार) इंटेल प्लगिन ते बाजूला वेगळ्या प्रोसेसमध्ये रोझेटावर चालवतं म्हणून तिथे बऱ्याच जणांचं भागून जातं. पण हे सगळ्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये नाही, व्हीएसटी या दुसऱ्या प्रकारच्या प्लगिनवाल्यांना तर विचारूच नका. बाकी ठिकाणी उपाय एकच, अख्खं मुख्य सॉफ्टवेअरच रोझेटावर चालवायचं. फाइंडरमध्ये त्या ॲपवर "गेट इन्फो" केलं की "ओपन युजिंग रोझेटा" असा चौकोन दिसतो, तिथे टिक. मग सगळी जुनी प्लगिन दिसायला लागतात, पण नवीन मशीनसाठी मोजलेल्या पैशातला बराचसा वेग दुभाष्यालाच जातो आणि ही सोय पण मॅकओएस २७ नंतर संपणार.

प्लगिनची यादी सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये येत नाही हे लक्षात ठेवा. हाताने बघावं लागतं. ऑडिओवाल्यांनी मुख्य डिस्कवरच्या लायब्ररी फोल्डरमधलं ऑडिओ, त्यात प्लग-इन्स, त्यात कंपोनंट्स आणि व्हीएसटी वगैरे फोल्डर उघडून एकेक नाव लिहून काढा. युजरच्या लायब्ररीत पण वेगळे सापडतात. व्हिडिओवाल्यांनी आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमिअरचे प्लगिन फोल्डर. कुठल्या सॉफ्टवेअर हाऊसने "लवकरच येतंय" असं लिहिलेलं असेल तर ते "येत नाही" या खान्यात टाका, आलं तर आनंदच आहे.

आणि जे प्लगिन येणारच नाही, त्यावरच्या जुन्या कामांचं काय करायचं? जुन्या मशीनवर, अजून चालतंय तोवर, ते ट्रॅक बाउन्स करून (इफेक्टसकट साध्या ऑडिओ फाइलमध्ये उतरवून) ठेवा, व्हिडिओ असेल तर तो शॉट रेंडर करून प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये टाका. कंटाळवाणं काम आहे, एखाद्या ज्युनिअरचे चार दिवस जातील, पण दोन वर्षांनी तोच क्लायंट "तेच गाणं फक्त पाच सेकंद छोटं करून द्या" म्हणत येतो तेव्हा कळतं.

तिसरी पायरी: जे जे वायरने लागतं ते ते

ऑडिओ इंटरफेस, कलर ग्रेडिंगचं पॅनल, व्हिडिओ कॅप्चर कार्ड, स्कॅनर, प्लॉटर, लायसन्सचा डाँगल. प्रत्येकाला ड्रायव्हर लागतो का ते बघा. जे नुसतं जोडलं की चालतं, म्हणजे यूएसबीवर स्वतःहून ओळखलं जातं, त्याची चिंता नाही. ज्याला ड्रायव्हर लागतो तो इंटेलचाच असेल तर विषय संपला, कारण रोझेटा फक्त ॲपचं भाषांतर करतो, सिस्टिमच्या गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरचं करत नाही.

काही कंपन्यांनी ॲपल सिलिकॉनसाठी ड्रायव्हर काढलेत पण ते अजून जुन्या पद्धतीचे, कर्नल एक्स्टेन्शनवाले, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसणारे आहेत. ते टाकायला मशीन पूर्ण बंद करायचं, पॉवर बटण दाबून धरायचं, "ऑप्शन्स" आलं की रिकव्हरीत जायचं, तिथल्या स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीत "रिड्यूस्ड सिक्युरिटी" निवडून कर्नल एक्स्टेन्शनला परवानगी द्यायची. मोठ्या ऑफिसात आयटीवाले याला नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे, त्यामुळे मशीन यायच्या आधी त्यांना विचारून ठेवा.

यातलं सगळ्यात जास्त सापडणारं उदाहरण म्हणजे एनटीएफएस, विंडोजची डिस्क फॉरमॅट करायची पद्धत. क्लायंट विंडोजवरून डिस्क भरून आणतो, मॅकवर ती वाचता येते पण लिहिता येत नाही, म्हणून कधीकाळी कोणीतरी एक ड्रायव्हर टाकून ठेवलेला असतो आणि सगळे विसरलेले असतात. नवीन मशीनवर डिलिव्हरीच्या रात्री आठवण होते. त्याचं नवीन व्हर्जन घ्या, नाहीतर सरळ डिस्क एक्सफॅटमध्ये (मॅक आणि विंडोज दोन्हींवर लिहिता येणारा फॉरमॅट) मागायची सवय लावा.

फायरवायर, म्हणजे जुने व्हिडिओ कॅमेरे जोडायची वायर, वापरणाऱ्यांनी आणखी एक बघा. जुन्या मिनी डीव्ही टेप अजून कपाटात आहेत, लग्नाच्या, नाटकाच्या, आणि त्या कधीतरी उतरवायच्या आहेत असं चाललंय, तर ताहोमधून फायरवायरच काढून टाकलंय. कॅमेऱ्यापासून ॲडॉप्टरला ॲडॉप्टर जोडत मॅकपर्यंत आणायची जी माळ चालायची ती त्या ओएसवर चालत नाही. टेप आत्ता उतरवा, जुन्याच मशीनवर.

मशीनच्या आत बसवायच्या पीसीआय कार्डवाल्यांसाठी, २०२३ च्या मॅक प्रोमध्ये स्लॉट आहेत, ऑडिओ, नेटवर्क, स्टोरेजची कार्डं बसतात, पण ग्राफिक्स कार्ड चालत नाही. बाहेरून जोडायचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे ईजीपीयू, ते पण ॲपल सिलिकॉनवर बंद. आणि कूडावर (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांची प्रणाली) अवलंबून असलेला रेंडरर असेल तर मॅकवर तो रस्ता कधीचाच बंद झालाय, मेटलवर (ॲपलची ग्राफिक्स प्रणाली) चालणारं व्हर्जन बघा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये मेटल ब्लेंडर ३.१ पासून आहे.

चौथी पायरी: विंडोज लागतं का, खरं सांगा

बऱ्याच आर्किटेक्टच्या ऑफिसात मॅक आहे पण बूट कॅम्पमध्ये (मॅकवरच थेट विंडोज चालवायची सोय) विंडोज टाकून रेव्हिट नाहीतर थ्रीडीएस मॅक्स चालवतात, आणि अकाउंट्सवाल्या ताई त्याच मशीनवर टॅली उघडतात. बूट कॅम्प आता नाही. पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत विंडोज उघडणारं ॲप) विंडोज ११ ची आर्मवाली, म्हणजे ॲपलच्या चिपच्याच जातीच्या प्रोसेसरची आवृत्ती चालते, २०२३ पासून मायक्रोसॉफ्टची त्याला अधिकृत मान्यता पण आहे, आणि त्या विंडोजच्या आत स्वतःचा एक वेगळा दुभाषी आहे जो इंटेलची विंडोज ॲप चालवतो. हलकंफुलकं काम भागतं. जड थ्रीडी, किंवा हार्डवेअर डाँगल आणि त्याचा ड्रायव्हर लागणारं सॉफ्टवेअर, यासाठी माझं स्पष्ट मत आहे की एक बरा विंडोज पीसी वेगळा घ्या आणि टेबलाखाली ठेवा. पैसे आणि भांडणं दोन्ही वाचतात.

पाचवी पायरी: रॅम, इथे हात आखडू नका

२७ इंची आयमॅकला मागे एक छोटं झाकण असायचं, ते उघडून रॅम टाकता यायची. लोक कमी रॅमचा घ्यायचे आणि सहा महिन्यांनी लॅमिंग्टन रोडवरून कांड्या आणून बसवायचे. तो जमाना गेला. ॲपल सिलिकॉनमध्ये मेमरी चिपच्याच पॅकेजवर असते, ज्या दिवशी ऑर्डर दिली त्या दिवशी जी ठरली तीच शेवटपर्यंत. मॅक प्रोमध्ये सुद्धा.

दुसरी गोष्ट, ही मेमरी सीपीयू आणि ग्राफिक्स दोघांची मिळून आहे. आधी ३२ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्डावर वेगळी १६ जीबी असा हिशोब असायचा, आता सगळं एकाच हंड्यातून. त्यामुळे "आधी ३२ मध्ये चालत होतं, आता पण ३२ घेऊ" हा हिशोब जड ग्रेडिंग किंवा थ्रीडीच्या कामाला चुकतो. उलट बाजूने, ग्राफिक्सला लागली तर त्याच साठ्यातली बरीच मोठी मेमरी मिळू शकते, जी जुन्या कार्डावर कधीच नव्हती, हा फायदा पण खरा आहे.

वरच्या टोकाला काय झालं ते आकड्यांत बघा, २०१९ चा मॅक प्रो दीड टीबीपर्यंत रॅम घ्यायचा, २०२३ चा एम२ अल्ट्रावाला १९२ जीबीवर थांबला, आणि २०२५ मध्ये एम३ अल्ट्राचा मॅक स्टुडिओ आला तेव्हा ५१२ पर्यंत गेला. ज्यांना खरंच टीबीमध्ये रॅम लागते असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण त्यांना मॅकमध्ये पर्याय उरला नाही हे सरळ आहे.

ठरवायचं कसं? जुन्या मशीनवर तुमचा सगळ्यात जड प्रोजेक्ट उघडा, सोबत रोज उघडी असतात ती सगळी ॲप उघडी ठेवा, ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरीचा टॅब बघा. "मेमरी प्रेशर" पिवळं-लाल होतंय आणि "स्वॅप युज्ड" (रॅम अपुरी पडून डिस्कवर टाकलेला भाग) काही जीबीत जातंय तर आत्ताच कमी पडतेय, वरचा टप्पा घ्या. हिरवं राहतंय तर रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची मेमरी यांची बेरीज करा आणि त्याच्या आसपासचं घ्या. एसएसडीवर मात्र तेवढे पैसे घालू नका, फुटेज बाहेरच्या थंडरबोल्ट डिस्कवर टाकता येतं, रॅम बाहेरून लावता येत नाही.

मॉनिटर किती लागतात ते पण इथेच बघा कारण ते चिपवर ठरतं. एम१ च्या मॅक मिनीला दोन, एम४ च्या मिनीला तीन. आणि जुना ५के आयमॅक नवीन मिनीचा मॉनिटर म्हणून वापरू असं कोणी म्हणत असेल तर नुसती केबल लावून ते होत नाही.

सहावी पायरी: तारीख

चालू प्रोजेक्टच्या मध्ये मशीन बदलायचं नाही, विषय संपला. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी लगीनसराईत नाही, प्रिंटवाल्यांनी दिवाळी अंकांच्या धावपळीत नाही. सीए लोकांचं त्यांना माहीत.

बदलायच्या आधी जुन्या मशीनवर सगळी लायसन्स डीऑथराइज करा. फॉरमॅट मारल्यावर आठवलं तर मग कंपनीला मेल करत बसावं लागतं, आणि एका ऑडिओ कंपनीने माझ्या ओळखीच्याला तीन आठवडे उत्तरच दिलं नव्हतं.

मायग्रेशन असिस्टंट वापरायचा की कोरं मशीन नव्याने लावायचं, यावर दोन मतं आहेत. घरच्या मशीनला असिस्टंट उत्तम. कामाच्या मशीनला मी कोरं लावा म्हणेन, कारण असिस्टंट जुनी इंटेल ॲप, मेलेली एक्स्टेन्शन, सगळा कचरा जसाच्या तसा घेऊन येतो आणि मग ॲप नेटिव्ह मिळत असताना इंटेलचंच व्हर्जन रोझेटावर चालू राहतं, कोणाला पत्ताच नसतो. डेव्हलपर लोकांनी तर नक्कीच कोरं लावा, इंटेलवरचं होमब्रू (डेव्हलपरची टूल्स टाकायचं साधन) /usr/local फोल्डरमध्ये असतं आणि नवीन चिपवर /opt/homebrew मध्ये, दोन्हींची खिचडी झाली की कुठलं पायथन चालतंय ते शोधण्यात दिवस जातो. डॉकर इमेज (सर्व्हरवर चालवायला बांधलेलं ॲपचं पुडकं) पण बघा, सर्व्हर इंटेल-एएमडीचा असेल तर तुमच्या आर्मवर बनवलेली इमेज तिथे चालणार नाही, बिल्ड करताना प्लॅटफॉर्म सांगावा लागतो.

मराठी डीटीपीवाल्यांसाठी एक, चिपशी याचा संबंध नाही पण मशीन बदलतानाच समोर येतं. जुने फॉन्ट टाइप १ (पोस्टस्क्रिप्ट) या जुन्या जातीचे असतील तर ॲडोबीने त्यांचा सपोर्ट जानेवारी २०२३ मध्ये बंद केलाय. नवीन मशीनवर नवीन इनडिझाइन आलं की ते फॉन्ट गायब. जुन्या फाइली जुन्या मशीनवरूनच पीडीएफ करून ठेवा आणि पुढचं काम युनिकोडमध्ये.

सातवी पायरी: दोन्ही मशीन शेजारी शेजारी

निदान महिनाभर जुनं मशीन हलवू नका. डिलिव्हर झालेला एक जुना प्रोजेक्ट नवीन मशीनवर उघडा, परत एक्स्पोर्ट करा, आणि आधीच्या फाइलशी ताडून बघा, आवाज, रंग, फॉन्ट, लांबी. मग ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा, सीपीयूच्या टॅबमध्ये कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करून "काइंड" चालू करा. जिथे "ॲपल" दिसतंय ते ठीक, जिथे "इंटेल" दिसतंय ते रोझेटावर. बऱ्याचदा मुख्य ॲप नेटिव्ह असतं आणि त्याचा एखादा मदतनीस, अपडेटर किंवा डाँगलची सर्व्हिस, इंटेलची निघते. ती नावं पहिल्या पायरीतल्या यादीत जोडा.

बॅकअपची पद्धत पण तपासा. इंटेलवर कित्येक स्टुडिओ अख्ख्या डिस्कचा क्लोन बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवायचे आणि आतली डिस्क मेली तर त्यावरून बूट करून काम चालू. ॲपल सिलिकॉन बाहेरून बूट होतो, पण सुरुवातीचा टप्पा आतल्या एसएसडीवरच असतो, त्यामुळे आतली एसएसडी गेली की बाहेरच्या क्लोनवरून पण मशीन उठत नाही. म्हणजे क्लोनच्या भरवशावर राहायचं नाही, दुसरं मशीन हाताशी पाहिजे, आणि डेटाचा टाइम मशीन बॅकअप वेगळा.

जुना इंटेल मॅक विकायचा असेल तर लवकर विका, ओएस पुढे सरकेल तशी किंमत उतरणार. पण वर सांगितलेलं एखादं मेलेलं प्लगिन किंवा फायरवायरचं काम उरलं असेल तर विकू नका, आहे त्या ओएसवर थांबवून ठेवा, अपडेट बंद, इंटरनेट काढून, फक्त तेवढ्या कामापुरता. विकायचाच ठरला तर आधी आयक्लाउडमधून साइन आउट करा आणि फाइंड माय बंद करा, नाहीतर घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी ॲक्टिव्हेशन लॉकचा (जुन्या मालकाच्या खात्याला बांधलेलं कुलूप) फोटो पाठवतो.